गार्लंड कुणाचा

जगाच्या आरोग्यासाठी देवानं पिंचर्स कोव्ह हे गाव मुद्दाम निर्माण केलं होतं, हे फीनी व्हॅचरला ऐंशी उलटल्यावर कळलं. तोवर तिची समजूत अशी होती, की न्यूफाउंडलंडच्या खडकाळ किनाऱ्यावर देवानं एक खाच पाडली, तिच्यात कॉड मासा सोडला, त्याला धरायला चार माणसं ठेवली आणि मग दुसऱ्या कामात गुंतून तो ती विसरून गेला.

सरकारचंही तेच मत होतं. फीनी नवी नवरी होती तेव्हा सरकारचा माणूस बोटीनं येऊन सांगून गेला होता, की इथं रस्ता येणार नाही, वीज येणार नाही, डॉक्टर तर मुळीच येणार नाही, तेव्हा शहाण्यासारखं मोठ्या गावी राहायला चला. आजूबाजूची गावं उठली. काहींनी घरंसुद्धा पाण्यात लोटून होड्यांनी ओढत नेली. फीनी सासूबरोबर टेकडीवर उभी राहून ती मिरवणूक बघत होती. एक पिवळं घर पडद्यांसकट तरंगत चाललं होतं, आणि सासू म्हणाली होती, "बघ, मार्थानं शेवटपर्यंत खिडक्या धुतल्या नाहीत त्या नाहीतच."

पिंचर्स कोव्ह तेवढं हललं नाही. हटवादी, अडाणी आणि आपसातच लग्नं करणारी माणसं, असा शेरा सरकारदप्तरी बसला. आणि आता इतक्या वर्षांनी विद्यापीठातून डॉक्टर ऑड्रा केंडल आली, चर्चच्या सभागृहात उभी राहिली, आणि म्हणाली की नेमकं त्याचमुळे हे गाव अनमोल आहे. पिढ्यान्‌पिढ्या बाहेरचं रक्त आलेलं नाही. एखादं जनुक कुठून कुठं उतरलं, हे इथं जितकं स्वच्छ दिसतं तितकं जगात क्वचित दिसतं. इथल्या रक्तातून मिळालेलं ज्ञान साऱ्या जगातल्या कुटुंबांच्या कामी येणार होतं.

"म्हणजे आम्ही आपसात लग्नं केली ते बरं केलं?" मागच्या बाकावरून इसॉ पिन्सेंटनं विचारलं.

"शास्त्राच्या दृष्टीनं, हो," डॉक्टरीण हसून म्हणाली.

"ऐकलंस?" इसॉ बायकोकडे वळला. "आणि तू साठ वर्षं कुरकुर करते आहेस."

डॉक्टरीण आली होती ती व्हॅचरांच्या पडण्यासाठी. आजाराला तिच्याकडे लांबलचक नाव होतं, गावात त्याला 'पडणं' म्हणत. व्हॅचरांच्या रक्तातला धडधाकट पुरुष तिशी-चाळिशीत एक दिवस चालता चालता पडायचा आणि उठायचा नाही. ताप नाही, खोकला नाही, कुणाशी भांडण नाही. बायकांमधून ते उतरायचं आणि पुरुषांना पाडायचं. गावानं आपल्या परीनं त्याचा शोध लावलेला होता. कुणी म्हणे तंबाखू, कुणी म्हणे पूर्वी एका व्हॅचरानं बुडत्या जहाजावरची घंटा चोरली होती तिचा शाप, आणि पाद्री म्हणे देवाची इच्छा. पाद्री दर वेळी हेच म्हणत असल्यामुळे त्याच्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नव्हतं.

"तीन अब्ज अक्षरांचं एक पुस्तक आहे असं समजा," डॉक्टरणीनं सांगितलं. "त्यात एकच अक्षर चुकलंय."

"एका अक्षरानं माणूस मरतो?" फीनी म्हणाली. "आमच्या पाद्र्याची तर ओळच्या ओळ चुकते, आणि काय टुणटुणीत आहे बघ."

सगळे हसले. डॉक्टरीणही हसली, आणि फीनीला ती पोरगी आवडून गेली, म्हणून तिचा आणखीच राग आला.

कारण रक्त न्यायला आलेली ही पहिली नव्हती. फीनीच्या दोन्ही मुली शाळेत जात होत्या तेव्हा असेच तिघे गृहस्थ आले होते. टाय लावलेले. त्यांनी सगळ्या गावाचं रक्त काढलं, प्रत्येकाला एक संत्रं दिलं, धक्क्यावर उभं राहून फोटो काढले आणि निघून गेले. फीनीच्या नवऱ्यानं, सेल्बीनं, बाही वर करताना विचारलं होतं, "ह्याचं उत्तर कधी?" ते म्हणाले, "लवकरच कळवू." पुढच्या वसंतात सेल्बी घराच्या पायरीवर बसून बूट घालत होता. एक घातला होता, दुसरा हातातच राहिला. उत्तर अजून वाटेत होतं. टपाल त्या काळी होडीनं यायचं हे खरं, तरी फीनीच्या मते आता पुष्कळ उशीर झाला होता.

"ते आमच्यातले नव्हते," डॉक्टरीण लाल होऊन म्हणाली. "पण त्यांचं वागणं चूक होतं. आता असं होणार नाही. आता उत्तर मिळतं, आणि उपायही आहे. छातीत कातडीखाली एक छोटं यंत्र बसवतात. हृदय भरकटलं की ते आतून धक्का देऊन ताळ्यावर आणतं. तुमच्या गावच्या रक्तामुळे आज डेन्मार्कमध्ये, ब्राझीलमध्ये माणसं जगतायत, फीनीआत्या."

"हो का? ब्राझीलला म्हणावं, एखादं पोस्टकार्ड टाका," फीनी म्हणाली.

फीनीआत्या म्हणायला तिला कुणी शिकवलं, हा प्रश्न होताच. त्याचं उत्तर लवकरच मिळालं. इथं येण्याआधी डॉक्टरीण आणि तिची सगळी मंडळी एका कार्यशाळेला जाऊन आली होती. तिथं त्यांना स्थानिक माणसांचा मान कसा राखावा हे शिकवलं होतं. दार ठोठावू नये, सरळ स्वयंपाकघरात जावं. चहाला नाही म्हणू नये, डब्यातलं दूध घातलेला असला तरी. म्हाताऱ्यांना काका आणि आत्या म्हणावं. आणि मुख्य म्हणजे, तुमचे जन्मदाते आईवडील कोण असं दवाखान्यातल्यासारखं कोरडं विचारू नये. इथली माणसं एकमेकांना जसं विचारतात तसंच विचारावं, 'तू कुणाचा?'

मग काय, पंधरवडाभर ती मंडळी घरोघर चहा पीत, काकवीत बुडवलेले तळलेले पाव खात आणि 'तू कुणाचा, तू कुणाची' करत हिंडली. गावाला कौतुक वाटलं. शहरातली पोरं असून किती नीट बोलतात. गावानंही मनापासून उत्तरं दिली. त्या उत्तरांवरून सभागृहाच्या भिंतीभर एक वंशवृक्ष उभा राहिला, गोल म्हणजे बायका, चौकोन म्हणजे पुरुष आणि मधून रेघा. लोक येऊन आपापला चौकोन शोधत. इसॉला स्वतःचा चौकोन फार लहान वाटला.

झाडावरून मग ठरलं, की कुणाला धोका आणि कुणाला नाही. धोका असलेल्या फांद्यांची तपासणी करायची, बाकीच्यांना मोकळं सोडायचं. फीनीच्या दोघी मुली पश्चिमेकडे तेलाच्या गावी नांदत होत्या, त्यांनी तिथंच रक्त दिलं, त्या सुटल्या. त्या दिवशी फीनी स्टोव्हपाशी बसून थोडी रडली, आणि कुणी बघायच्या आत तिनं कांदा चिरायला घेतला.

आणि दुसऱ्याच दिवशी गार्लंड लव्हलेस तिच्या स्वयंपाकघरात आला, बादलीत दोन कॉड घेऊन.

गार्लंड म्हणजे फीनीच्या भावाचा, ॲब्सलमचा मुलगा. फीनी माहेरची लव्हलेस. ॲब्सलम आता नव्हता, त्याची बायको ब्लांच खाडीच्या पलीकडच्या अंगाला राहत होती, आणि गार्लंड तिचा एकुलता एक. पस्तिशी ओलांडलेला, दाराच्या चौकटीला खांदे घासणारा, खेकडे धरणाऱ्या मोठ्या बोटीचा तांडेल.

"आत्या, आम्ही सुटलो," तो पलंगडीवर धपकन बसत म्हणाला. "सगळे लव्हलेस निर्धोक. डॉक्टरीण म्हणाली, तुम्हाला तपासायचीसुद्धा गरज नाही."

फीनीच्या हातातली किटली तिथंच थांबली.

"काय विचारलं तिनं तुला?"

"काय विचारणार? तू कुणाचा म्हणाली. मी म्हटलं, ब्लांचचा."

"बरोबर," फीनी म्हणाली.

"बरोबरच की. चहा देतेस, का किटलीशीच बोलणार आहेस? आता मी बोट बाहेरच्या खोल पाण्यात नेणार. तिकडे म्हणे खेकडा ताटाएवढा आहे. चार-चार दिवस परतायला नको. फक्त हे पिंजरे ओढताना परवा जरा अंधारी आली डोळ्यांपुढे. आत असं फडफडलं, जाळ्यात मासा फडफडतो तसं. वय झालं म्हणायचं."

फीनीनं चहा ओतला. थोडा बशीत गेला.

गावात प्रत्येकाला माहीत होतं, आणि गावात कुणालाही माहीत नव्हतं. कुणी खिडकीला नवा पडदा लावला तर संध्याकाळपर्यंत त्याचा रंग, लांबी आणि लावण्यामागचा हेतू यांचा निकाल लावणारं हे गाव या एका बाबतीत मुकं होतं. पूर्वी एका घरी पोरं मावत नसत आणि दुसऱ्या घरी पाळणा रिकामा असे. मग पोर इकडून तिकडं जाई. कागद नाही, वकील नाही. देणारी दारात म्हणायची, "दिला." घेणारी म्हणायची, "घेतला." दोघी एकेक कप चहा घ्यायच्या, आणि पोरानं उंबरा ओलांडला की ते त्या घरचं. पुढं ते कुणी उच्चारायचं नाही. शेजाऱ्याची बोट चोरली तर गाव कधीतरी माफ करी. हे उच्चारणाऱ्याला करत नसे. त्यांच्या भाषेत आत्या, मामी, मावशी, काकू सगळ्यांना एकच हाक, त्यामुळे झाकणंही सोपं जाई.

गार्लंड जन्मला होता सेल्बीच्या बहिणीच्या, कझायाच्या पोटी. तिचा आठवा. नवरा खोकल्यानं अंथरुणाला खिळलेला. आणि पलीकडे ब्लांचनं तीन बाळं पुरलेली. मधली बाई फीनी, एकीची भावजय आणि दुसरीची नणंद. तिनंच त्याला गोधडीत गुंडाळून, मासळीच्या टोपात ठेवून, होडी वल्हवत खाडीपार नेलं होतं. वाटेत तो रडला नाही. ब्लांच दारात उभी होती. अंगावर लग्नातला झगा होता.

आणि पुढं कझायाचे दोघे मुलगे पडले. एक लाकडं फोडताना, एक नाचताना.

"गार्लंड," फीनी सावकाश म्हणाली, "तरी एकदा रक्त देऊन टाक की. काय जातंय?"

"कशाला? लव्हलेसांना नाही ना."

"लव्हलेसांना नाही. पण लेका, कझाया..."

गार्लंडनं कप खाली ठेवला. त्याचा चेहरा धुकं आल्यासारखा बंद झाला.

"कझायाआत्या फार चांगली बाई होती," तो म्हणाला. "देव तिला शांती देवो. मासे आजच कर, उद्यावर टाकू नकोस." आणि टोपी घालून तो गेला.

म्हणजे त्याला माहीत होतं. घराखाली पाया आहे हे माहीत असतं तसं. पण तो बघायला कुणी जमीन उकरत नाही. तो डॉक्टरणीशी खोटं बोलला नव्हता. त्याला जे विचारलं त्याचं त्यानं खरं उत्तर दिलं होतं. फीनीला हसू येईना आणि रडूही येईना. पूर्वीचे टायवाले गृहस्थ परवडले असते. त्यांनी उद्धटपणे विचारलं असतं, तुला जन्म कुणी दिला, आणि गार्लंडनं त्यांना धक्क्यावरून ढकललं असतं. पण का ढकललं हे तरी त्यांना कळलं असतं. या बिचाऱ्या पोरीनं आदर शिकून घेतला आणि त्या आदरानंच माणूस मरायला निघाला.

डॉक्टरणीच्या कानात जाऊन सांगणं अवघड नव्हतं. पण रक्त गार्लंडच्या दंडात होतं, आणि आईचा शब्द असल्याशिवाय तो दंड पुढे करणार नव्हता. तेव्हा जायचं ते ब्लांचकडे.

फीनी खाडीच्या काठानं चालत गेली. जिथं पूर्वी मासळी वाळवायचे माच होते, लहानपणी ती नि ॲब्सलम जिथं अनवाणी मासे उलटवत, तिथं आता गवत होतं आणि विद्यापीठाची पांढरी गाडी उभी होती. ब्लांचच्या दाराशी आल्यावर फीनीनं जन्मात केलं नव्हतं ते केलं. दार ठोठावलं. इथं दार पोलीस ठोठावतो, नाहीतर परका.

"कोण मेलं?" आतून ब्लांचचा आवाज आला.

"अजून कुणी नाही," फीनी म्हणाली आणि आत गेली.

ब्लांच कणीक मळत होती. रेडिओवर वाऱ्याची बातमी चालू होती. तिनं हात न थांबवता नणंदेकडे पाहिलं.

"ठोठावतेस काय? डोकं फिरलं का?"

"वहिनी, गार्लंडला रक्त तपासून घ्यायला सांग."

"त्याला कशाला? लव्हलेसांना काही नाही. डॉक्टरीण स्वतः म्हणाली."

"लव्हलेसांना काही नाही हे खरं आहे."

ब्लांचचे हात कणकेत तसेच राहिले. तिनं कोपरानं रेडिओ बंद केला.

"फीनी, आता पुढचं बोलण्याआधी नीट विचार कर. बोललीस तर ते या घरात पहिल्यांदा बोललं जाईल."

"मी काही बोलत नाही. मी सेल्बीचं सांगते. पायरीवर बसला होता. मी आतून म्हटलं, इतका वेळ काय लागतो बूट घालायला, म्हातारा झालास का. हे माझे शेवटचे शब्द. आणि कझायाच्या धाकट्याचं सांगते. नाचत होता. लोकांना वाटलं, गंमत करतोय, टाळ्या वाजवल्या त्यांनी."

"मला माहीत आहे. मी होते तिथं."

"गार्लंडला परवा पिंजरे ओढताना अंधारी आली."

ब्लांच खुर्चीवर बसली. पिठाचे हात तिनं मांडीवर उताणे ठेवले.

"मला नाही सांगितलं त्यानं."

"तुला कसं सांगेल? तू त्याची आई आहेस."

मग ब्लांचचा आवाज चढला. लग्न होऊन आल्या दिवसापासूनचं सगळं तिनं बाहेर काढलं. फीनीनं नावं ठेवलेली आंबटफळांची जेली, ॲब्सलमच्या दफनाला फीनीनं घातलेला निळा झगा, आणि तो टोप.

"आणून दिलंस म्हणून जन्मभर माझ्या घरात मालकिणीसारखी वावरलीस! पोराचा दात पडला तरी तुला दाखवायचा. आता काय, परत न्यायला आलीस?"

"न्यायला नाही गं," फीनी म्हणाली. "राहावा म्हणून आले."

"चहा घेतलास?"

"नाही."

"मग घे आणि जा."

फीनीनं चहा घेतला आणि गेली. तिला वाटलं, संपलं. ब्लांच पुन्हा बोलणार नाही, गार्लंड खोल पाण्यात जाणार, आणि आपल्याला आणखी एका दफनाला काळे मोजे शोधावे लागणार.

सकाळी सभागृहात ती डॉक्टरणीकडे रक्तदाब मोजायला बसली होती. रक्तदाब फुकट मोजत, त्यामुळे निम्मं गाव तिथंच बसलेलं असे. दार उघडलं आणि ब्लांच आत आली. डोक्यावर चर्चची टोपी, पिसाची. मागे गार्लंड, तेलकट बोटीच्या कपड्यांत, शाळेत पकडून आणल्यासारखा.

ब्लांच सरळ भिंतीपाशी गेली. आपला गोल शोधला, त्याखालच्या चौकोनावर बोट ठेवलं.

"हा माझा मुलगा," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "रक्त तेवढं कझायाचं आहे."

इसॉ छताकडे बघू लागला. हळूहळू सगळेच छताकडे बघू लागले. छतात बघण्यासारखं काही नव्हतं.

डॉक्टरणीचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. "पण मी विचारलं होतं..."

"तुम्ही विचारलं तू कुणाचा," गार्लंड म्हणाला. "मी सांगितलं."

"आम्हाला कार्यशाळेत असंच विचारायला शिकवलं होतं!"

"शिकवणाऱ्याचे पैसे परत मागा," फीनी म्हणाली.

डॉक्टरणीनं स्वतःला सावरलं. संगणकापाशी बसली, बोटं चालवली. "हरकत नाही. लगेच दुरुस्त करते. दत्तक असेल तर तशी खूण आहे. कझायाबाईंकडून सरळ रेघ येईल, आणि तुमच्याकडून, ब्लांचआत्या, तुटक रेघ."

"कसली?"

"तुटक. म्हणजे अशी, तुकड्या-तुकड्यांची."

"तुटक कुणाला म्हणतेस?" ब्लांचच्या टोपीवरचं पीस थरथरलं. "त्याला गोवर आला तेव्हा सतरा रात्री मी जागले, ते तुटक? कझायाची काढ तुटक. ती नऊ महिन्यांत मोकळी झाली."

"पण शास्त्रात..."

"मग रक्तही शास्त्राचंच घे. चल रे गार्लंड."

गार्लंड निमूटपणे वळला. एवढं सगळं होऊन आता एका रेघेपायी! तिनं डॉक्टरणीचा दंड धरला. "पोरी, रेघ काढ. तुझ्या बापाची शाई जातेय का?"

डॉक्टरणीनं ब्लांचकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, आणि दोन सरळ रेघा काढल्या. संगणकानं तत्काळ लाल चौकट दाखवली, की एका माणसाला दोन आया असू शकत नाहीत. तिनं 'तरीही पुढे जा' हे बटण दाबलं. इतक्या मोठ्या शिक्षणात तिनं केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम ते हेच, असं फीनीचं मत पडलं.

"आता बाही वर कर," ब्लांच मुलाला म्हणाली. सुई टोचताना त्यानं डोळे मिटले. एवढा मोठा तांडेल, आणि आईनं त्याचा दुसरा हात धरून ठेवला होता.

"असे आणखी किती आहेत गावात?" डॉक्टरणीनं हळूच विचारलं.

पुन्हा सगळे छताकडे बघू लागले. पण त्या आठवड्यात पिंचर्स कोव्हमधल्या पुष्कळ म्हाताऱ्यांनी चर्चच्या टोप्या पेटीतून बाहेर काढल्या, आणि रविवार नसताना एकेक करून त्या सभागृहाकडे जाताना दिसल्या. संगणक लाल होऊन होऊन दमला. भिंतीवरचं झाड जाळ्यासारखं दिसू लागलं. पुढं कुठल्याशा परदेशी परिषदेत ते पडद्यावर दाखवलं, आणि 'स्थानिक समाजाच्या सक्रिय सहभागाचा आदर्श नमुना' म्हणून त्याला टाळ्या पडल्या, असं डॉक्टरणीनं कळवलं. सक्रिय सहभाग म्हणजे काय, ते पाद्र्यालाही सांगता आलं नाही.

उत्तर या वेळी खरंच आलं. फोन गार्लंडनं ब्लांचच्या स्वयंपाकघरात घेतला. अक्षर चुकलेलं होतं. तो बराच वेळ "हो, हो" म्हणत राहिला. फीनी तिथंच होती; ब्लांचनं तिला बोलावलं नव्हतं, पण तिचा नेहमीचा कप पुढं ठेवला होता. फोन ठेवल्यावर गार्लंड म्हणाला, "शहरात जायचंय. यंत्र बसवायला."

"जेवून निघू," ब्लांच म्हणाली. आणि मग स्टोव्हकडे तोंड करून, "कझायाला कळवायला हवं होतं. ती असती तर."

यंत्र बसलं. गार्लंडनं महिनाभर तक्रार केली, की झोपताना टोचतं, पट्टा घालताना लागतं, आणि आई दिवसातून चार वेळा शर्टावर कान लावते. खोल पाण्याचं रद्द झालं. जवळच्या पाण्यात, दोन गडी जास्त घेऊन जायचं ठरलं. इसॉ म्हणे, विलायती खेळणं आहे, दोन हिवाळ्यांत गंजेल.

खेकड्यांचा हंगाम आला. धक्क्यावर बोट लागली होती, माणसं पेट्या उतरवत होती, फीनी आणि ब्लांच उलट्या टोपांवर बसून खेकड्यांच्या आकाराला नावं ठेवत होत्या. गार्लंडनं पेटी उचलली, अर्धवट वळला, आणि पडला.

व्हॅचरांच्या रक्ताचा पुरुष पडला म्हणजे काय करायचं हे गावाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. कुणी धावलं नाही, कारण धावून कधीच काही झालेलं नव्हतं. इंजिन बंद केलं. माणसांनी टोप्या काढल्या. इसॉनं प्रार्थनेला सुरुवातसुद्धा केली. ब्लांच उठून उभी राहिली होती आणि तिनं फीनीचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं, की हाड दुखत होतं.

मग गार्लंडचं सगळं अंग उसळलं, आतून घोड्यानं लाथ घातल्यासारखं. तो गप्प पडून राहिला. डोळे उघडले. कोपरावर उठून बसला, छाती चोळली, आणि त्याच्या तोंडून अशी एक शिवी बाहेर पडली, की पाद्र्याच्या बायकोनं कानावर हात ठेवले.

कुणी हललं नाही. धक्काभर माणसं टोप्या हातात धरून उभी होती. इथून पुढं काय करतात, हे कुणी कुणाला कधी शिकवलंच नव्हतं. व्हॅचर उठलेला आजवर कुणी पाहिला नव्हता. इसॉनं एकदा प्रार्थनेकडे आणि एकदा गार्लंडकडे पाहिलं. आमेन म्हणावं की नाही, हा त्याला प्रश्न पडला.

"काय बघताय?" गार्लंड ओरडला. "खेकडे पळाले सगळे!"

खरंच, फुटलेल्या पेटीतून ते चहूकडे निघाले होते, धक्क्याच्या फटींकडे, पाण्याकडे. मग एकदम सगळे वाकले आणि पकडायला धावले, टोप्या डोक्यावर घालायचं भान कुणालाच राहिलं नाही, म्हणून टोप्यांतच खेकडे भरू लागले. ब्लांचनं मनगट सोडलं. ती तरातरा पुढं गेली, आधी मुलाच्या छातीला कान लावला, मग आईच्या हक्कानं, सगळ्या गावासमोर, त्याच्या थोबाडीत दिली.

"शिवी कुणासमोर देतोस?" ती म्हणाली.